‘नॉन-अ‍ॅक्सिडेंटल’ गाडीचा चेसिस लेग कापून जोडलेला निघाला, तर?

प्रश्न : पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या डीलरकडून साडेसहा लाखांना कार घेतली. जाहिरातीत ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंटल’ लिहिलं होतं. चार महिन्यांनी अलाइनमेंट सारखं बिघडतंय म्हणून तपासलं, तर उजवा चेसिस लेग (सांगाड्याचा पुढचा लांब पोलादी दांडा) कापून वेल्डिंग केलेला. डीलर माझी सही दाखवतो : ‘पाहून घेतली, नंतर तक्रार चालणार नाही.’ आता काय करू? – वाचक, सातारा

उत्तर : आधी तो जोड दुरुस्त करायचं थांबवा. नवा लेग बसला की तुमचा पुरावा भंगारात गेला. गाडी हायवेवरही काढू नका. समोरून धडक बसली की हा लेग ठरल्याप्रमाणे चुरगळून मार सोसतो. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलाद कमजोर झालं असेल तर त्याचा भरवसा राहत नाही.

अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून किंवा परवानाधारक सर्व्हेअरकडून लेखी अहवाल घ्या. ‘वेल्डिंग आढळले’ एवढ्यावर भागत नाही. कंपनीच्या स्पॉट वेल्डचे गोल ठसे कुठे संपतात, हाताने मारलेली सलग रेघ कुठून सुरू होते, ग्राइंडरच्या खुणा, जिगवर (सांगाडा मोजायच्या चौकटीवर) घेतलेली मापं, चेसिस नंबर आणि किलोमीटर, हे सगळं फोटोंसह हवं. जुनी सर्व्हिस हिस्टरीही मागवा.

सहीला घाबरू नका. ‘नीट पाहिलं असतं तर कळलं असतं’ ही सबब करार कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे खरी, पण ती जाणूनबुजून खोटं सांगणाऱ्याच्या कामी येत नाही. शिवाय सीलर फासून अंडरकोट मारलेला जोड ग्राहकाला दिसणार कसा? म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपा, फोन विकू नका; भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र त्यासोबत लागेल.

पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. दाद मिळाली नाही तर साताऱ्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पुण्याला खेपा नकोत. मुदत २ वर्षं, शुल्क २०० रुपये. तक्रार ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हणून, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) खाली मांडा. ‘अनुचित करार’ म्हणून मांडलीत तर ती राज्य आयोगाच्या अखत्यारीत जाते आणि वेळ फुकट जातो. मुख्य मागणी गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी ही. पर्यायाने दुरुस्तीचा खर्च आणि घटलेली किंमत.

पैसे कोणाच्या खात्यात गेले ते मात्र आजच बघा. जुन्या मालकाच्या नावे गेले असतील तर ‘आम्ही नुसते मध्यस्थ’ असं डीलर म्हणेल. मग कमिशनची पावती, डिलिव्हरी नोट, त्याच्या फोनवरून आलेले मेसेज जोडा आणि दोघांनाही सामनेवाले करा.