भाच्याची सेमी-ऑटो आणि कुळागरातलं रानडुक्कर

डिचोलीच्या भाऊंनी दोन गोष्टी एकत्र विचारल्यात: कॅनडात, मॅनिटोबाला असलेल्या भाच्याने बदकं आणि गूस (रानहंस) मारायला टिकाऊ सेमी-ऑटो शॉटगन (बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी छऱ्यांची बंदूक) कुठली घ्यावी, आणि पुढेमागे तीच कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) रानडुकरांसाठी गावी आणता येईल का.

दुसऱ्याचं आधी सांगून टाकतो. विसरा. आपल्या शस्त्र नियमांत सेमी-ऑटो शॉटगन निषिद्ध वर्गात मोडते. शेतीरक्षणाच्या परवान्यावर एकनळी-दुनळी मिळते, पण परवाना हातात आहे म्हणून डुकरावर बार टाकता येत नाही. 1972च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 11प्रमाणे लेखी परवानगी लागते. आमच्या घरची दुनळी निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर परत येते. तिचा प्रवास तेवढाच.

आता भाच्याचं. नोकरीनिमित्त मी तिकडे असताना नऊ हंगाम दलदलीत काढलेत, त्यावरून सांगतो. सेमी-ऑटोत मुख्य जाती दोन. गॅसवाल्या बंदुकीत नळीला बारीक भोक असतं, त्यातून थोडा वायू पिस्टनवर येतो आणि बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता लोखंडी तुकडा) मागे ढकलतो. खांद्याला धक्का कमी बसतो, पण काजळी साचते. बेनेलीची इनर्शिया पद्धत वेगळी. बार होताच सगळी बंदूक मागे सरते, बोल्टचं धूड क्षणभर जागेवरच राहतं, मधली जाड स्प्रिंग दबते आणि तीच बोल्ट मागे फेकते. आतून स्वच्छ राहते, वजनाला हलकी, पण धक्का सणसणीत, आणि हलक्या काडतुसांवर कधी कधी अडते. तिचा बोल्ट हाताने हळूच सोडायचा नाही. पूर्ण बंद झाला नाही तर चाप ओढल्यावर नुसतं ‘टिक’ होतं आणि बदक निघून जातं.

माझी पहिली गॅसवाली होती. दुकानदार म्हणाला, दस्ता (खांद्याला टेकायचा मागचा भाग) कधी उघडायची गरज नाही. तिसऱ्या हंगामात बोल्ट रेंगाळायला लागला. मी काडतुसांना शिव्या घातल्या, तेल ओतलं (थंडीत ते गोठून आणखी चिकट झालं). शेवटी मागचं रबर काढून दस्ता सोडवला, तर आतल्या नळीतून तांबडं पाणी गळलं. बोल्ट पुढे ढकलणारी स्प्रिंग गंजून तिचे वेढे एकमेकांना चिकटले होते. बाहेरून बंदूक नवी कोरी दिसत होती.

म्हणून माझा कौल: धक्का सोसत असेल तर बेनेली एम-2, नाहीतर बेरेटा ए-300. दोन्ही 12 बोअर (म्हणजे नळीचं माप), तीन इंची चेंबर (काडतूस बसतं ती जागा), प्लास्टिकचा दस्ता. साडेतीन इंची चेंबरचा हव्यास नको. जुनी रेमिंग्टन 1100 स्वस्तात मिळाली तरी वाईट नाही, 1963पासूनचा नमुना आहे. फक्त तिच्या रबरी रिंगा दोन-तीन खिशात हव्यात, ती रिंग तुटली की बंदूक अडायला लागते.

बदकांना तिकडे शिशाचे छर्रे चालत नाहीत. पोलादी भरले की फुल चोक (नळीच्या तोंडाशी बसणारा, छर्रे जवळजवळ ठेवणारा अरुंद तुकडा) काढून त्याहून मोकळा, मॉडिफाइड लावायचा. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं.

आणि हंगाम संपला की दस्ता उघडून त्या स्प्रिंगचा फोटो तुम्हाला पाठवायला सांगा त्याला.