पगार वाढतोय, पण रजा घटतायत. नोकरी बदलावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पावसजवळच्या गावातून तुम्ही रोज दुचाकीने रत्नागिरीला कामाला जाता. हातात ३४,००० येतात. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, सणांच्या १० सुट्ट्या, २१ ईएल (हक्काची रजा), ८ सीएल (किरकोळ रजा). ठाण्याच्या एका कंपनीने ५६,००० देऊ केलेत, पण तिथे सहा दिवसांचा आठवडा, सणांच्या ८ सुट्ट्या, १५ ईएल आणि ८ सीएल. घरी आईवडील आणि हापूसची ४० कलमं. "रजा सहाच कमी होतायत, मग जाऊ का?"

मी चौदा वर्षं पगारपत्रकं करते. लोकांच्या रजा जमा करणं आणि कापणं हेच माझं रोजचं काम. गाव गुहागर तालुक्यात, नोकरी सध्या चिपळुणात. तुमच्यासारखाच निर्णय मी २०२२ मध्ये घेतला होता आणि दोन वर्षांनी परत आले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते "सहाच" सोडा. वर्षाच्या ३६५ दिवसांतून रविवार, शनिवार, सण आणि रजा वजा केल्या की कामाचे दिवस उरतात. तुमचे आज २५० भरतात. ठाण्याला २८२ भरतील. सहा ईएल गेल्या ते तुम्ही पाहिलंत, पण २४ शनिवार आणि दोन सण धरलेच नाहीत. वर्षाला ३२ दिवस जास्त काम आहे, म्हणजे एक पूर्ण महिना आणि वर दोन दिवस.

आता पैसे. ठाण्यात कॉटबेसिसची जागा, डबा, लोकल-रिक्षा, गावच्या फेऱ्या असं सगळं मिळून मी महिन्याला १६,००० धरते. तुमचं पेट्रोल वाचेल ते त्यात वजा केलेलं आहे. ५६,००० चे राहिले ४०,०००. आजच्यापेक्षा महिन्याला ६,००० जास्त, वर्षाला ७२,०००. ते ३२ दिवसांवर वाटले तर दिवसाला २,२५० रुपये होतात. तुमच्या आजच्या कामाच्या दिवसाचे १,६३२ पडतात, म्हणजे दर वाईट नाही. पण विकायचं काय आहे ते नीट पाहा. एप्रिलमध्ये आंबा उतरायला लागला की झेला (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन झाडावर चढणारा गडी पैसे देऊन मिळतो, राखणीला नेपाळी माणूस मिळतो. पेटीत कुठला आंबा वर आणि कुठला दुसऱ्या पेटीत, हे बघणारं घरचं माणूस मिळत नाही. तुमचे ते शनिवार बहुतेक बागेतच जात असणार. वडील ६३ चे आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

हे ५६,००० खरंच हातात येणारे आहेत का, तेही पक्कं करा. सीटीसीला (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) बारा ने भागून आलेला आकडा असेल, तर कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी (पाच वर्षांनी नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) त्यातच मोजलेली असते आणि माझा वरचा सगळा हिशेब खाली येतो.

त्यांच्या रजेच्या आकड्याबद्दल. वीस किंवा जास्त माणसं (२०२५ पर्यंत दहा) असलेल्या ऑफिसांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागू होतो (व्यवस्थापकीय पदं सोडून). त्यात ८ किरकोळ रजा, ८ सणांच्या सुट्ट्या आणि वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांना एक हक्काची रजा, असं लिहिलेलं आहे. २८२ दिवसांना १४ येतात, ते १५ देतायत. म्हणजे रजेच्या बाबतीत ठाण्याची कंपनी कायद्याहून एकच दिवस उदार आहे. तुमची रत्नागिरीची कंपनी मात्र त्याच हिशेबाने १२ द्यायच्या ठिकाणी २१ देते. हा तुमच्या पगाराचाच भाग आहे, फक्त तो स्लिपवर रुपयांत छापलेला नसतो.

तरीही रजेची संख्या हा निम्माच प्रश्न आहे. ती रजा तुम्हाला कधी मिळणार, हा उरलेला निम्मा. तो मी विचारला नव्हता.

२०२२ च्या जानेवारीत मी चिपळूणची ३१,००० ची नोकरी सोडून मुंबईत ४७,००० वर गेले. भावाचं शिक्षण चालू होतं, घरावर कर्ज होतं. ऑफर लेटरवर २४ रजा होत्या, आधीपेक्षा चारच कमी. आकडा वाचला आणि सही केली. मे महिन्यात शाकारणीला घरी जायचं म्हटलं तर २४० दिवस भरले नाहीत म्हणून ईएल नाही, आणि सीएल सलग घ्यायची नाही. बाबांनी एका गड्याला घेऊन जमेल तेवढं केलं. पडवीवरची कौलं परतायची राहिली आणि जुलैत भाताच्या दोन गोणी भिजल्या.

त्या वर्षी चतुर्थी आली ३१ ऑगस्टला, बुधवारी. पगारखात्यात २५ तारखेपासून पगार बँकेत जाईपर्यंत कुणालाही रजा नाही, हा तिथला नियम. ऑफर लेटरमध्ये तो नव्हता, मला ऑगस्टमध्ये कळला. ३० तारखेच्या रात्री आम्ही ओव्हरटाइमचे तक्ते जुळवत बसलो होतो. सव्वानऊला आईचा व्हिडिओ कॉल आला. हजेरीच्या फायलीला फोन टेकवून ठेवला. माटवी (गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधायची लाकडी चौकट) बांधून होत आली होती, कवंडळं ही रानफळं लटकत होती, बाबा शिडीवर उभे राहून सुपारीचा घोस बांधत होते. दर वर्षी ती शिडी मी धरते. त्या दिवशी शेजारच्या काकांनी धरली होती. मध्येच रेंज गेली आणि घोस हातात धरलेले बाबा तसेच पडद्यावर थिजून राहिले. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, पण एकच. आमच्या गावाला जाऊन यायला एक दिवस पुरत नाही.

त्या वर्षाच्या शेवटी माझ्या खात्यावर ११ रजा शिल्लक होत्या. कागदावर रजा होत्या, हव्या त्या दिवशी नव्हत्या.

म्हणून सांगते, ऑफर लेटर आणि पंचांग शेजारी शेजारी ठेवून बसा. चतुर्थी दर वर्षी दहा-बारा दिवसांनी अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की पुढे जाते: २०२३ ला १९ सप्टेंबर, २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट, २०२६ ला १४ सप्टेंबर. तुमच्या खात्यात महिनाअखेर किंवा तिमाहीअखेर अडवलेले दिवस आहेत का, हे या तारखा पुढे ठेवून विचारा. शिमग्याला तुमच्याकडे पालखी कुठल्या दिवशी येते, तो दिवसही त्यात लिहा. मार्च म्हणजे वर्षअखेर, आणि हिशेबाशी संबंध असलेल्या प्रत्येक खात्यात शिमग्याची रजा सगळ्यात अवघड असते. आंबाही त्याला लागूनच सुरू होतो.

दुसरी अडचण रेल्वेची. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पूर्वी १२० दिवस होतं). गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. २०२६ ची चतुर्थी सोमवारी आहे. शनिवारी, १२ सप्टेंबरला निघायचं तर तिकीट १४ जुलैला सकाळी काढायला हवं. रजा जर साहेब आठ दिवस आधी मंजूर करणार असतील, तर तिकीट कुठल्या भरवशावर काढायचं? आमच्याकडच्या कितीतरी पोरांचं असंच होतं. तिकीट आहे तर रजा नाही, रजा मिळाली तर वेटिंग दोनशेच्या पुढे, आणि मग रात्रभर महामार्गावर खासगी गाडीत.

तिसरी गोष्ट सँडविचची. रजेच्या मध्ये आलेली सुट्टी रजेतच मोजायची, हा नियम बऱ्याच ठिकाणी असतो आणि मुलाखतीत कुणी सांगत नाही. तेच उदाहरण घ्या. शनिवार १२ ते शनिवार १९ सप्टेंबर गावाला राहायचं म्हटलं तर रविवार आणि चतुर्थीचा सोमवार सोडून सहा रजा लागतात. सँडविच असेल तर आठ कापल्या जातील. पंधरातल्या आठ एकाच सणाला गेल्या की लग्नकार्य, आजारपण, बागेची फवारणी यांना काय उरतं ते तुम्हीच मोजा.

शिल्लक रजेचे पैसे मिळतील म्हणून मन घट्ट करून बसू नका. मुंबई सोडताना माझ्या १९ रजा शिल्लक होत्या. मला वाटलं, जवळजवळ तीस हजार येतील. आले ११,४००. कारण रजेचे पैसे बहुतेक ठिकाणी फक्त बेसिकवर (भत्ते सोडून मूळ पगारावर) देतात आणि माझं बेसिक होतं १८,०००. मी स्वतः पगारपत्रकं करणारी, तरी स्वतःच्या ऑफरमधलं बेसिक बघायचं विसरले होते. (नोकरी सोडताना मिळालेल्या या रकमेवर आयकरात सवलत आहे, २०२३ पासून तिची कमाल मर्यादा २५ लाख. नोकरीत असतानाच रजा विकली तर पूर्ण रक्कम करपात्र.)

आणि ग्रॅच्युइटी. तुम्हाला सध्याच्या ठिकाणी चार वर्षं चार महिने झालेत. पाच वर्षं होईपर्यंत थांबलात तर शेवटच्या बेसिकच्या (महागाई भत्ता असेल तर तो धरून) २६ व्या भागाची १५ पट, दर वर्षासाठी, असे पैसे मिळतात. बेसिक १७,००० असेल तर सुमारे ४९,०००. आज उठून गेलात तर ते सोडावे लागतील. पहिल्या वर्षीच्या ७२,००० मधून ते वजा करा, उरतात २३,०००. तेवढ्यासाठी ३२ दिवस.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे आणि ती मी जगले आहे. पगारवाढ टक्क्यांनी होते. पुढची प्रत्येक वाढ, पुढच्या प्रत्येक नोकरीतलं बोलणं आजच्या आकड्यावरून सुरू होईल, आणि ३४,००० वरची वाढ ५६,००० वरच्या वाढीला कधी गाठणार नाही. रजा तशा वाढत जात नाहीत. माझ्या त्या दोन वर्षांत घरावरचं कर्ज फिटलं आणि भावाची शेवटची दोन वर्षांची फी भरली गेली. त्या पैशाचा मला पश्चात्ताप नाही. तुमच्या डोक्यावर कर्ज असेल, बहिणीचं लग्न असेल, किंवा ठाण्यातलं काम असं असेल की जे रत्नागिरीत शिकायलाच मिळणार नाही, तर जा. मात्र किती वर्षांसाठी जाताय ते घरी बसून ठरवा आणि आईवडिलांना सांगून जा. तुमच्या प्रश्नात यातलं काही लिहिलेलं नाही, म्हणून मी नसल्याचं धरून बोलतेय.

तसं असेल तर ही ऑफर आहे तशी घेऊ नका. पण लगेच नाहीही म्हणू नका. पगारावर घासाघीस सगळेच करतात. रजेवर कुणी करत नाही, म्हणून तिथे अजून जागा असते. २०२४ मध्ये परत येताना चिपळूणच्या मुलाखतीत मी मोबाइलवर पंचांग उघडून सांगितलं होतं की पुढच्या वर्षीची चतुर्थी २७ ऑगस्टला, ऐन पगाराच्या आठवड्यात येते आणि मला तेव्हा सलग पाच दिवस हवेत. साहेब क्षणभर गप्प बसले, मग त्यांनी बाजूच्या टेबलावरच्या बाईंना बोलावलं. त्या सांगलीच्या. गणपतीतला पगार त्या करतात, दिवाळीतला मी करते, आणि त्यांच्या गावच्या यात्रेला त्यांचं सगळं काम माझ्याकडे असतं. हातात ३९,००० येतात, मुंबईपेक्षा आठ हजार कमी. २०२५ ला शिडी मी धरली होती.

तुम्ही एचआरला फोन करून एवढं मागा: गणपतीत सलग सात दिवस आणि त्यांची मंजुरी ६५ दिवस आधी, त्या रजेला सँडविच नाही, आणि महिन्यातला एक तरी शनिवार. बदल्यात पगार ५३,००० केला तरी चालेल असं मनात धरून ठेवा, पण स्वतःहून बोलू नका. हो म्हणाले तर ईमेलवर लिहून मागा. तोंडी "बघू, ॲडजस्ट करू" म्हणाले तर ते नाही असं समजा. तो "बघू" मी दोन वर्षं ऐकला आहे.

आणि रत्नागिरीच्या साहेबांना ही ऑफर आल्याचं एकदा सांगून पाहा. ३४ चे ३९ झाले तर घर, बाग, शनिवार आणि २१ रजा सगळं जागेवर राहतं आणि ठाण्याचं उत्तर देणं तुम्हाला सोपं जाईल.

तुमच्या सध्याच्या स्लिपवर बेसिक किती आहे आणि ऑफर लेटरवर किती, तेवढं खाली लिहा. ग्रॅच्युइटीचा आणि रजेच्या पैशांचा नेमका आकडा मी काढून देते.