सेकंडहँड इटालियन बाइक घेतली, खालच्या आरपीएमला झटके मारते. आधी सायलेन्सर बदलू की फॉल्ट शोधू?

आधी फॉल्ट शोधा. सायलेन्सर कुठे पळून जात नाही.

खरं तर एवढ्यावर थांबणार होतो, पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की "सगळे म्हणतात इटालियन इलेक्ट्रिकल्स अशीच असतात, सवय करून घे", आणि हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. कारण हेच वाक्य मी माझ्या आतेभावाकडून इतक्या वेळा ऐकलंय की आता तो तोंड उघडायच्या आधीच मला कळतं काय येणार ते. हा प्राणी आयुष्यभर जपानी चार सिलिंडरवाल्या गाड्या चालवत आलाय, चांगल्या चालवतो, पाना हातात धरता येतो, मान्य. पण इटालियन गाडी दिसली की त्याचं निदान आधी तयार असतं आणि तपासणी नंतर, तीही झाली तर.

माझी गाडी डुकाटी मॉन्स्टर, एअर-कूल्ड, टू-व्हॉल्व्ह, इंजेक्शनवाली. तुमच्यासारखीच सेकंडहँड. आधीच्या मालकाने हौसेने बरंच काही करून ठेवलेलं. एअरबॉक्सचं, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या फिल्टरच्या डब्याचं, झाकण कापलेलं, सायलेन्सरमधले डीबी किलर, म्हणजे आवाज दाबणारे तुकडे, काढून टाकलेले, मागचा मडगार्ड उडवून शेपटी छोटी केलेली आणि ट्रेलिस फ्रेमला, म्हणजे नळ्यांच्या जाळीच्या सांगाड्याला, नवीन लाल पावडर कोटिंग. कोटिंगचं काम इतकं सुरेख होतं की मी गाडी अर्धी त्या रंगावरच घेतली. लक्षणं तुमची आहेत तीच: तीन हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खाली थ्रॉटल स्थिर धरला की हिसके, मधेच मिसिंग, कधीकधी चावी फिरवल्यावर पेट्रोल पंपाचा तो बारीक घूं आवाज यायचा तो यायचाच नाही, आणि सेल्फ मारला की मीटर सगळं रिसेट होऊन पहिल्यापासून नाचायला लागायचं.

आतेभाऊ आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "विकून टाक. यांची वायरिंग म्हणजे देवाची करणी." दुसरा पर्याय म्हणून सांगितलं की इंजेक्टरच्या वायरीत मधे एक फ्युएल मॉड्यूल बसव, पेट्रोल वाढव, झटके जातील. म्हणजे आजार माहीत नाही, पण गोळी वाढवा.

आता इथे थोडं विषयांतर करतो, कारण हे त्याला कधीच ऐकून घ्यायचं नसतं. डुकाटी कंपनी मुळात मोटारसायकलची नव्हतीच. 1926 मध्ये बोलोन्यात ती सुरू झाली ती रेडिओचे भाग बनवायला, त्यांचं पहिलं नावाजलेलं उत्पादन म्हणजे कंडेन्सर. युद्धात कारखान्यावर बॉम्ब पडले, आणि 1946 पासून सायकलला जोडायचं कुचोलो नावाचं छोटं इंजिन बनवायला लागले, तिथून हे दुचाकीत आले. म्हणजे ज्यांना "वीज कळत नाही" म्हणून हिणवायचं त्यांचा धंदाच विजेच्या सामानाचा होता. यावर आतेभावाचं उत्तर असं की "तेव्हा कळत होती, नंतर विसरले." जाऊ दे.

मी मॉड्यूल घेतलं नाही. मल्टिमीटर घेतला. बॅटरी रात्रभर ठेवून सकाळी मोजली, 12.7 व्होल्ट, म्हणजे चांगली. सेल्फ मारताना दहाच्या वर राहत होती. इंजिन चालू करून चार हजारावर धरलं तर 14 च्या आसपास, म्हणजे चार्जिंग ठीक. इथपर्यंत लोक येतात आणि "बॅटरी ओके, चार्जिंग ओके, म्हणजे ईसीयू (इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर) गेला" म्हणून मोकळे होतात. पुढची टेस्ट कोणी करत नाही. मल्टिमीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसला लावायची आणि दुसरी वायरिंगची अर्थ वायर जिथे फ्रेमला बोल्टने बसते त्या रिंगला, आणि इंजिन चालू, हेडलाइट चालू अशा अवस्थेत आकडा बघायचा. तिथे जवळपास शून्य यायला पाहिजे, फार तर 0.1 किंवा 0.2 व्होल्ट. माझ्याकडे एक व्होल्टच्या जवळ दिसत होते, आणि हँडल वळवलं की आकडा हलायचा.

टाकी उचलली आणि तो बोल्ट खोलला. काय सुंदर दृश्य! पावडर कोटिंग करताना अर्थच्या बोल्टची जागा झाकायला पाहिजे होती, कोणी झाकलीच नव्हती. तांब्याची रिंग जाड, गुळगुळीत, चकचकीत लाल थरावर बसलेली, भोकाच्या आत आट्यांमध्येसुद्धा रंग, आणि सगळा करंट जात होता तो बोल्टच्या दोन-तीन आट्यांना जिथे रंग सोलला गेला होता तेवढ्यातून. रिंगची खालची बाजू काळी पडलेली. पावडर कोटिंग म्हणजे प्लॅस्टिकच हो, त्यातून वीज कशी जाणार? पॉलिश पेपरने पांढरा धातू दिसेपर्यंत घासलं, आट्यांतून टॅप फिरवला, नवीन रिंग क्रिंप केली, घट्ट आवळलं आणि वरून गंज लागू नये म्हणून व्हॅसलिनचा हात. वर बॅटरीच्या मायनसपासून इंजिनला जाणारी जाड केबलही दोन्ही टोकांना साफ केली. मीटर रिसेट व्हायचं थांबलं ते थांबलंच. पंप दर वेळी घूं करायला लागला.

आणि झटके? अर्ध्याहून जास्त गेले. का गेले हे सांगतो म्हणजे "नशिबाने सुटलं" असं तुम्हाला कोणी सांगायला नको. मायनसकडे एक व्होल्ट खाल्ला गेला की पंपाला, कॉइलला, सगळ्यांनाच तेवढं कमी मिळतं. या इंजेक्शनला पेट्रोलचं प्रेशर साधारण 3 बार लागतं, पंप अर्धपोटी चालला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि पातळ मिश्रणावर दोन मोठे पिस्टन खालच्या आरपीएमला कुरकुरणारच. त्यात झाकण कापून आणि डीबी किलर काढून हवा आधीच वाढवलेली, ईसीयूला कोणी काही सांगितलेलं नाही. म्हणजे वरून हवा जास्त, खालून पेट्रोल कमी. यात इटली कुठे आली? कारखान्यातून जशी निघाली तशी गाडी राहिली असती तर यातलं एकही झालं नसतं.

मग अख्खं झाकण मिळवून लावलं, डीबी किलर परत बसवले, दोन्ही सिलिंडरचे थ्रॉटल बॉडी (हवेची झडप असलेले भाग) व्हॅक्यूम गेजवर बॅलन्स करून घेतले. हे बॅलन्सिंग तुमच्याही गाडीला करून घ्याच. दोन सिलिंडर वेगवेगळं ओढत असले तर आयडलला आणि त्याच्या जरा वर गाडी कधीच शांत राहत नाही.

उरलेले झटके मात्र गाडीचा स्वभाव आहे, आणि तुमच्या तक्रारीतला काही भाग हाच असेल अशी मला दाट शंका आहे. 90 अंशांचा ट्विन, म्हणजे दोन सिलिंडर एकमेकांशी काटकोनात, दोन्ही कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एकाच पिनवर, त्यामुळे स्फोट समान अंतराने होत नाहीत, एक क्रँक 270 अंश फिरल्यावर आणि पुढचा 450 अंश फिरल्यावर. कमी आरपीएमला तो लांबचा मोकळा काळ जाणवतो, चेन सैल पडते आणि परत ताणते, तोच हिसका. चौथ्या गिअरमध्ये 2000 आरपीएमवर लोळत जायची सवय चार सिलिंडरवाल्यांची असते. इथे खालचा गिअर टाकायचा, एवढंच. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा ठेवा, थ्रॉटल केबलला दोन-तीन मिलीमीटरपेक्षा जास्त खेळ नको, निम्मा त्रास तिथेच कमी होतो.

मॉडिफिकेशनचं विचाराल तर सगळ्यात पहिलं आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे पुढचा स्प्रॉकेट. 15 दात्यांचा असेल तर 14 चा लावा. गिअरिंग साधारण 7 टक्क्यांनी खाली येतं, गर्दीत गाडी माणसासारखी चालते. टॉप स्पीड थोडा जातो, जाऊ दे, रोज कोण बघतंय. ज्या गाड्यांत स्पीडचा सेन्सर गिअरबॉक्सवर असतो तिथे मीटर जास्त स्पीड दाखवायला लागेल, चाकावर असेल तर फरक पडत नाही.

सायलेन्सर त्यानंतर. कोणत्या कंपनीचा ते मला विचारू नका, त्यावर भांडणारे भरपूर सापडतील. मी एवढंच सांगतो की आवाज म्हणजे पॉवर नाही. आतेभावाला हे अजून पटलेलं नाही. माझ्या गाडीचे डीबी किलर परत बसवले तेव्हा तो म्हणाला, "गाडीचा जीव काढलास." मग चालवून आला आणि मधल्या आरपीएमला ओढ वाढलीय हे त्याला कळलं, चेहऱ्यावर दिसलं, पण बोलला काय, तर "आज हवा थंड आहे". नुसता स्लिप-ऑन, म्हणजे बाकी पाइप तसाच ठेवून फक्त शेवटचा सायलेन्सर, लावून वजन कमी होतं, मूळ सायलेन्सर जड असतात, दिसायला बरं दिसतं, ही कारणं प्रामाणिक आहेत, त्यासाठी लावत असाल तर खुशाल लावा. पण एअरबॉक्सही उघडणार असाल तर ईसीयूचा मॅप (कधी किती पेट्रोल द्यायचं त्याचा तक्ता) बदलल्याशिवाय करू नका. ऑक्सिजन सेन्सरवाली गाडी असेल तर हलक्या थ्रॉटलला ईसीयू मिश्रण एका भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा याच्या आसपासच खेचून धरतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तेच लागतं, त्यामुळे मधे बसवलेलं मॉड्यूल पेट्रोल वाढवत राहतं आणि ईसीयू ते कमी करत राहतो. सेन्सर बंद करून नवीन मॅप टाकणं हा रस्ता आहे, पण ते डायनोवर (गाडी जागेवर चालवून पॉवर मोजायचं यंत्र), ज्याला कळतं त्याच्याकडून, आणि तुमच्याकडच्या प्रदूषणाच्या नियमांत बसत असेल तरच.

आता थोडं सांभाळून घ्या. तुम्ही मॉडेल लिहिलेलंच नाही. मी बोलतोय ते जुन्या एअर-कूल्ड गाडीच्या अनुभवावर. 2021 नंतरच्या मॉन्स्टरला ट्रेलिस फ्रेमच नाही, पुढे अॅल्युमिनियमचा तुकडा आहे, त्यामुळे अर्थची जागाही तुमच्या वायरिंगच्या नकाशात बघा. मोतो गुझ्झी (दुसरी इटालियन कंपनी) असेल तर इंजिनाचे सिलिंडर डावी-उजवीकडे बाहेर येतात, शाफ्ट ड्राइव्ह आहे, तिथे चेन-स्प्रॉकेटचं माझं सगळं पुराण बाद, आणि उभ्या गाडीत थ्रॉटल पिळल्यावर ती एका बाजूला हलकी कलते तो फॉल्ट नाही, तो क्रँक गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेला असतो म्हणून. कोणी अलार्म किंवा जादा दिवे बसवलेले असतील तर वायर कापून मधे चिकटवलेले ते छोटे प्लॅस्टिकचे क्लिप शोधा आणि काढून टाका, आतमध्ये वायर अर्धी तुटलेली असते.

आणि हो, हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं, पण आतेभावाच्या नादात राहिलं. माझ्यासारख्या एअर-कूल्ड डुकाटी मॉन्स्टरमध्ये कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवायला रबरी दातेरी बेल्ट असतात. या इंजिनात व्हॉल्व्ह बंद करायचं कामही स्प्रिंगऐवजी रॉकर करतात, डुकाटीचे इंजिनिअर तालिओनी यांनी 1956 पासून डुकाटीच्या रेसिंगमध्ये आणलेली डेस्मो पद्धत, पण बेल्ट तुटला तर ती वाचवत नाही, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि खर्च इंजिन उघडण्याचा. बेल्ट किलोमीटरनेच नाही, वर्षांनीही म्हातारे होतात, गाडी उभी असली तरी. मॅन्युअलमध्ये दोन्ही मुदती दिलेल्या असतात, जी आधी येईल ती धरा. आधीच्या मालकाकडे बदलल्याची पावती मागा, आणि तो नुसता "बदललेत हो" म्हणाला तर बदललेले नाहीत असं समजून सायलेन्सरचे पैसे आधी तिकडे घाला.