जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर बदलताना

तुझा अ‍ॅम्प्लिफायर नक्की चालू होईल, फक्त घाई करू नकोस. त्यातले एमआरएफ ४५४, म्हणजे रेडिओ सिग्नलची शक्ती वाढवणारे ट्रान्झिस्टर, बदलायचे तर दोन्ही बदल, आणि जुळलेली, म्हणजे सारख्या गुणांची, जोडीच घे. फार स्वस्त मिळाले तर नकली समज. आधी उष्णता वाहून नेणारं कंपाउंड लावून ट्रान्झिस्टरची फ्लँज, म्हणजे धातूची बैठक, हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर) स्क्रूने बसव, मगच पाय सोल्डर कर. उलट केलंस तर सगळा ताण वरच्या सिरॅमिकच्या टोपणावर येतो. आतल्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. कानस लावूच नकोस बाबा! बायसचा, म्हणजे ट्रान्झिस्टरचा सुरुवातीचा करंट ठरवणारा, डायोड ट्रान्झिस्टरला टेकलेला हवा, नाहीतर तापल्यावर करंट वाढतच जातो. पहिली चाचणी डमी लोडवरच, म्हणजे अँटेनाऐवजी जोडायच्या रेझिस्टरवर. आणि आपल्या गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि कनेक्टरचे संपर्क काळे-हिरवे पडतात, तेही साफ करून घे.