रिपोर्टमधला 1.6 आणि ठरलेलं लग्न

प्रश्न: ताई नमस्कार, मी परभणीचा, वय 28. मागच्या महिन्यात सगळ्या टेस्टचं पॅकेज केलं तर हर्पिस निघालं. एचएसव्ही-2 आयजीजी 1.6 पॉझिटिव्ह अन् आयजीएम इक्विव्होकल. आजवर खाली एक फोड नाही, खाज नाही. दोन वर्षांखाली एक संबंध होता. तुळशीचं लग्न झालं की माझं लग्न आहे. मोडून टाकू का? तिला काय सांगू? रात्री झोप लागंना.

उत्तर: भाऊ, मोडायचं कुणाजवळ काही बोलू नका, अजून आजारच ठरलेला नाही. एचएसव्ही-2 म्हणजे संबंधातून लागणारा, खाली फोड आणणारा हर्पिसचा विषाणू, अन् आयजीजी, आयजीएम म्हणजे त्याच्याशी लढायला रक्तात तयार होणाऱ्या अँटीबॉडी. आयजीएमची ओळ तर डोक्यातून काढूनच टाका, हर्पिससाठी ती टेस्ट भरवशाची नाही, अन् इक्विव्होकल म्हणजे होय का नाही हे टेस्टलाच सांगता येईना. राहिला 1.6. बऱ्याच किटमधे 1.1 च्या वर गेलं की पॉझिटिव्ह छापून येतं, पण 3 च्या आतले आकडे पुष्कळदा खोटे निघतात, म्हणून दुसऱ्या पद्धतीच्या टेस्टनं पक्कं करावं लागतं. अँटीबॉडी दिसायला 12 आठवडे, कधी जास्त लागतात, तुमची तर दोन वर्षं झाली, मग थांबायचं कारणच नाही. सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमधे, म्हणजे गुप्तरोगाच्या ओपीडीत, हाच कागद घेऊन जा, 1097 या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फुकट विचारताही येतं. घरात कुणी नागीण समजून उतरवायला नेऊ लागलं तर जाऊ नका, नागीण कांजण्याच्या विषाणूची, हे वेगळं.

पक्कं निघालं तर मात्र तिला लग्नाआधी सांगायचं, अन् तुम्हीच. फोनवर नको, तिकडं स्पीकर चालू असतो, मागं भाऊ-वहिनी बसलेले. निवांत भेटा अन् सरळ म्हणा, "मला एचएसव्ही-2 आहे, त्रास काही नाही, पण तुला लागू शकतो, डॉक्टरकडं सोबत जाऊ." फोड नसतानाही तो पसरतो, कंडोम अन् रोजच्या व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळीनं धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही, हेही सांगा. गरोदरपणात शेवटी शेवटी तिला पहिल्यांदा लागण झाली तर बाळाच्या जिवाला धोका असतो, म्हणून लपवायचं नाहीच. ती विचार करायला वेळ मागंल, कदाचित नाही म्हणंल, तो तिचा हक्क आहे. पण आधी ती दुसरी टेस्ट, याच आठवड्यात.