बहिणीला फिट येतात हे स्थळाला सांगावं का? लपवल्याचा तब्येतीवर खरंच परिणाम होतो का?

सांगावं. कांदेपोह्यांच्या वेळीच नको, पण साखरपुड्याच्या आधी, आणि बहिणीने स्वतः सांगावं. मध्यस्थ काकांनी नव्हे.

माझं लग्न ठरलं तेव्हा मावशीने बजावलं होतं, "गोळ्या चालू आहेत, फिट येत नाही, मग कशाला बोलायचं? पाठची बहीण उजवायची आहे अजून." व्हिटॅमिनच्या डबीत फिटच्या गोळ्या भरून माझी सदाशिव पेठेत पाठवणी झाली. सकाळची गोळी मोरीत, रात्रीची सगळे झोपल्यावर. घरात पाहुणे असले की एखादी चुकायचीच. गोळी चुकणं आणि झोप मोडणं, फिट यायला एवढं पुरतं. पहिल्या श्रावणात मंगळागौर आली. रात्रभर झिम्मा-फुगड्या, आणि डबी माडीवरच्या कपाटात. पहाटे सगळ्यांसमोर पडले. कुणी चप्पल नाकाला लावली, कुणी कांदा फोडला, कुणी दातांत चमचा घातला. पुढच्या दाताचा टवका तेव्हाच उडाला. शुद्धीवर आले तर बायका विचारतायत, "हिच्या अंगात येतं का हो?"

तोवर मी बँकेत नोकरी करणारी सून होते. मग गॅसपाशी जाऊ नको, जावेच्या बाळाला घेऊ नको, एकटी बसने जाऊ नको. काही महिन्यांत मलाही वाटायला लागलं की आपल्याला यातलं काही झेपणार नाही. नोकरी सोडली. पुन्हा पडू या धास्तीने झोप लागेना, झोप नाही म्हणून फिट. डॉक्टरांनी डोस वाढवला. माहेरी तीच गोळी उघडपणे, वेळेवर घेत होते तेव्हा कॉलेजभर एकही फिट आली नव्हती, हे मावशीला मी आजही सुनावते. नवरा चिडला तो लपवल्याबद्दल. आता रात्रीची गोळी तोच काढून देतो.

मावशी कायद्याचाही बागुलबुवा दाखवायची. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट येणं हा लग्नाला अडथळा मानला होता, हे खरं. पण १९९९ मध्ये ते शब्द काढून टाकले. उलट लपवलंत तर फसवणुकीचा आरोप होऊ शकतो. आणि पाठच्या बहिणीचं म्हणाल, तर तिचं लग्न माझ्याबद्दल सगळं सांगूनच कोथरूडच्या घरात झालं. ज्या स्थळाला गोळीची अडचण वाटते ते स्थळ गेलेलंच बरं.

पुण्यात संवेदना फाउंडेशनचा एपिलेप्सीचा, म्हणजे फिटच्या आजाराचा, स्वमदत गट आहे, बहिणीला तिथे न्या. नीट उपचार झाले तर १० पैकी ७ जणांच्या फिट थांबू शकतात. माझा अनुभव म्हणजे सगळ्यांचा नव्हे, प्रत्येकीचा आजार वेगळा असतो. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, ५ मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल गाठा. सोडियम व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध चालू असेल तर गर्भाला धोका असतो, तेव्हा लग्नाआधीच न्यूरॉलॉजिस्टशी बोला. पण स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.