घर बदलताय? आधी लँडलाइनचा विचार करा

पहिला प्रश्न नंबरचा नसतो, नवं घर कोणत्या एक्स्चेंजखाली, म्हणजे त्या भागातल्या लाइना जोडणाऱ्या टेलिफोन केंद्राखाली, येतं हा असतो. मुंबईच्या जुन्या आठ आकडी नंबरात सुरुवातीचे चार आकडे एक्स्चेंज सांगतात. त्याच एक्स्चेंजच्या हद्दीत दोन गल्ल्या पलीकडे जात असाल, तर नंबर तोच राहायची आशा धरा. दादरहून मुलुंडला निघालात तर तांब्याच्या तारेवर तो नंबर बहुधा सुटतोच. डोंबिवलीला तर कोडच ०२५१, तिथे मुंबईच्या ०२२ चा विषय संपला. ठाणे आणि नवी मुंबई मात्र ०२२ मध्येच आहेत. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचं पोर्टिंग २०११ पासून देशभर आहे, पण ते फक्त मोबाईलला, लँडलाइनला नाही.

फायबर घेणार असाल तर अर्ज करतानाच विचारा, जुना नंबर त्यावर चढेल का? उत्तर लेखी घ्या. माझ्या वेळी खिडकीवरचे साहेब "होऊन जाईल" म्हणाले आणि महिन्याने भलताच नंबर हातात पडला. आईने तो कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवला, तरी तोंडात जुनाच!

जुनी लाइन लगेच बंद करू नका. आधी बँक, गॅस, विमा, सोसायटीचं रजिस्टर इथले नंबर बदला. शिफ्टिंगच्या अर्जाची पोच आणि शेवटचं भरलेलं बिल एकाच फाईलीत ठेवा. डिपॉझिट परत मागताना तेच लागतं.

नवा नंबर निवडायला मिळालाच, तर आजीला पाठ होईल असा घ्या. फॅन्सीच्या मागे लागू नका.